तारणाची वाट आणि वाटेवरचे धोके

मागे एका तालुक्याच्या गावी शिक्षकांच्या मेळाव्याला गेलो होतो. निरनिराळ्या धर्मांतील आचारांविषयी बोलणे चालले होते. एक गुरुजी उठले आणि म्हणाले, "सर, कॅथलिक लोकांचं बरं असतं. पाप करायचं, चर्चमध्ये जाऊन फादरच्या कानात सांगायचं, की झालं! पुन्हा करायला मोकळे." सगळे हसले. मीही हसलो. पण परतीच्या एस.टी.त बसल्यावर वाटले, दुसऱ्याच्या धर्माविषयीचा गैरसमज आपण हसून तसाच राहू दिला, हे काही बरोबर झाले नाही. मी स्वतः ख्रिस्ती नाही. परंतु तत्त्वज्ञान शिकवताना या परंपरेचे ग्रंथ वाचावे लागतात. त्या दिवशी द्यायचे राहिलेले उत्तर आज देतो.

प्रथम 'तारण' म्हणजे काय ते पाहू. मोक्ष म्हटला की आपल्यापुढे जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका उभी राहते. कॅथलिक श्रद्धेप्रमाणे माणसाला पृथ्वीवरचा जन्म एकच. त्या जन्मी देवाशी जडलेले प्रेमाचे नाते मरणापर्यंत टिकवणे आणि मरणानंतर त्याच्या सान्निध्यात कायमचे राहणे, हे तारण. ते कोणी स्वतःच्या बळावर कमावू शकत नाही. ख्रिस्ताच्या बलिदानामुळे, देवाच्या कृपेने ते मिळते. मात्र ती कृपा स्वीकारायची की झिडकारायची, हे स्वातंत्र्य माणसाच्या हाती आहे. खरा धोका आहे तो इथेच.

सगळी पापे एका मापाने मोजली जात नाहीत. एखादे कृत्य देवाशी असलेले नाते तोडणारे गंभीर पाप ठरण्यास तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात : कृत्य मुळात गंभीर हवे, ते चूक आहे याची पूर्ण जाणीव हवी आणि ते आपखुशीने केलेले हवे. अजाणता घडले किंवा कोणी बळजबरीने करवून घेतले, तर तेवढा दोष लागत नाही. बाकीची पापे हलकी. पण हलकी म्हणून ती दुर्लक्ष करण्याजोगी नव्हेत. भातखाचराच्या बांधाला खेकड्याने भोक पाडले, तर बांध त्याच दिवशी फुटतो का? नाही. पण भोक बुजवले नाही, तर एखाद्या रात्रीच्या पावसात खाचर रिकामे होते. हलक्या पापांची सवय जडणे, हा धर्मजीवनातला पहिला धोका.

या सवयींची मुळे शोधण्याचा उद्योग फार जुना आहे. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात एकांतात राहणारे ख्रिस्ती तपस्वी होते. त्यांपैकी इव्हाग्रिअस या साधूने माणसाला छळणारे आठ दुष्ट विचार सांगितले. पुढे पोप पहिले ग्रेगरी यांनी त्या यादीची फेरमांडणी केली. त्यांचा काळ इ. स. 590 ते 604. त्यातून सात मूळ पापांची परंपरा रूढ झाली. गर्व, लोभ, कामवासना, मत्सर, खादाडपणा, क्रोध आणि आळस ही ती सात. मूळ का म्हणायचे? तर बाकीची पापे त्यांतून फुटतात म्हणून.

ही नावे ऐकून आपल्याला षड्रिपू आठवले असतील. काम, क्रोध, लोभ, मद, मत्सर हे पाच दोन्हीकडे आहेत. आपल्याकडे सहावा मोह. तिकडे खादाडपणा आणि आळस. आता आळसाला एवढे मोठे स्थान का दिले असावे? सकाळी उशिरा उठणे हे काय मोठे पाप झाले?

इथे आळस म्हणजे अंगाचा नव्हे, आत्म्याचा. इव्हाग्रिअसने त्याचे वर्णन मोठे मार्मिक केले आहे. भर दुपार झालेली असते. साधू आपल्या खोपटात बसलेला असतो. सूर्य जागचा हलत नाही असे त्याला वाटते. तो पुन्हा पुन्हा बाहेर डोकावतो, कोणी येते आहे का ते पाहतो. मग ती जागा नकोशी होते, हातातले काम नकोसे होते आणि शेवटी वाटू लागते, 'हे सारे कशासाठी? आपल्याच्याने हे होणे नाही.' श्रोतेहो, वर्गात वीस-वीस वर्षे शिकवणाऱ्या माझ्यासारख्याला ही दुपार चांगली ओळखीची आहे. जे चांगले आहे त्याचीच शिसारी येणे, हा तो आळस.

आता गुरुजींच्या मुद्द्याकडे येऊ. तारणाच्या वाटेच्या दोन्ही बाजूंना एकेक खड्डा आहे, असे समजा. एक खड्डा फाजील भरवशाचा : 'देव दयाळू आहे, करेल क्षमा, आपण खुशाल वागावे.' दुसरा खड्डा निराशेचा : 'माझे पाप एवढे मोठे की आता क्षमा नाही.' चर्चच्या शिकवणुकीत ही दोन्ही आशेविरुद्धची पापे आहेत. म्हणजे गुरुजी ज्याला कॅथलिकांची सोय म्हणाले, ते त्यांच्या धर्मात पापच आहे.

दुसरा खड्डा कळण्यासाठी शुभवर्तमानातील दोन शिष्य पाहा. ख्रिस्ताला पकडले त्या रात्री पेत्राने 'मी या माणसाला ओळखत नाही' असे तीनदा सांगितले. यहूदाने तर तीस नाण्यांसाठी गुरूला धरून दिले. पस्तावा दोघांनाही झाला. यहूदाने ती नाणीसुद्धा परत केली. पण त्याने आशा सोडली आणि गळफास घेतला. पेत्र रडला आणि परत आला. पडले दोघेही, फरक परत येण्यात आहे.

परत येण्याच्या वाटेला कॅथलिक लोक प्रायश्चित्त संस्कार म्हणतात. गोव्यातील कोकणी ख्रिस्ती 'कुमसार' म्हणतात. पहिल्या शतकांत गंभीर पापासाठी चारचौघांत कडक प्रायश्चित्त घ्यावे लागे. पुढे आयर्लंडच्या मठवासीयांमुळे एकांतात आणि वारंवार पापे सांगण्याची रीत युरोपात पसरली. वर्षातून निदान एकदा पापनिवेदन करावे, असा नियम 1215 च्या लॅटरन परिषदेने घालून दिला.

या संस्कारात पापे सांगणे हा एकच भाग आहे. त्याआधी पश्चात्ताप हवा आणि 'पुन्हा करणार नाही' असा निश्चय हवा. तो नसेल, तर धर्मगुरूने क्षमेचे शब्द उच्चारूनही क्षमा लाभत नाही. नंतर भरपाई आहे. समजा, एकाने शेजाऱ्याचा बांध कोरून दोन हात जमीन आपल्याकडे ओढली. फादरना सांगितले म्हणून ती जमीन त्याची होत नाही. ती परत द्यावीच लागते. आणि ऐकलेले गुपित फादरना कोणापुढेही, न्यायालयातही, उघड करता येत नाही. फोडल्यास त्यांना धर्मसभेबाहेर टाकले जाते.

रोजच्यासाठीही एक साधन आहे. 16 व्या शतकात इग्नेशियस लोयोला या स्पॅनिश संताने रोज स्वतःची झडती घ्यायला सांगितले. आधी देवाचे आभार मानायचे, मग दोष कळावेत अशी कृपा मागायची, दिवसाचा आढावा घ्यायचा, क्षमा मागायची आणि सुधारण्याचा निश्चय करायचा. एखादा खास दोष घालवायचा असेल, तर कागदावर ओळी आखून प्रत्येक चुकीला एक ठिपका द्यायचा. कालच्यापेक्षा आज ठिपके कमी आहेत का, ते पाहायचे. दुकानदाराच्या रोजकीर्दीसारखेच हे झाले!

श्रोतेहो, ही शिकवण मराठीला नवी नाही. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट धर्मगुरू 1579 साली गोव्यात आला, इथली भाषा शिकला आणि त्याने सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'क्रिस्तपुराण' रचले. 1616 साली ते रायतूर येथे छापले गेले. पापात पडलेला माणूस आणि त्याच्या तारणाची कथा त्याने आपल्या ओवीतून सांगितली.

तेव्हा गुरुजी, तुम्ही ऐकत असाल तर माझे उत्तर असे : 'सांगितलं की मोकळं' असा हा व्यवहार नाही. पडणे माणसाच्या हातून होते. पडून राहणे हा खरा धोका. उठायचे, कोरलेला बांध पूर्ववत करायचा आणि पुन्हा चालू लागायचे, ही ती वाट. आपला धर्म कोणताही असो, रात्री दिवा मालवण्यापूर्वी दिवसभराचे ठिपके मोजायला काय हरकत आहे?