काच धुण्याचा पंप, मालमोटारीचा

मालमोटारीच्या समोरील काचेवर पाण्याचा फवारा टाकणारा लहान पंप. काच ओली झाल्यावर वायपर ती स्वच्छ पुसू शकतो. पाण्याची टाकी, पंप, रबरी किंवा प्लॅस्टिकची नळी, फवाऱ्याच्या तोट्या व चालकाजवळचे बटण हे या योजनेचे प्रमुख भाग होत. जुन्या मालमोटारीत फवारा बंद पडला की, पंप निकामी झाला असे गृहीत धरून तो बदलण्याकडे कल असतो. परंतु पुष्कळदा दोष तोटी, नळी, टाकीचे झाकण किंवा विद्युत् जोडणी यांत असतो. म्हणून दोषशोधन ठराविक क्रमाने करणे इष्ट असते.

महत्त्व : कोरड्या, धुळीने माखलेल्या काचेवर वायपर चालविल्यास धुळीचे कठीण कण काचेवर ओरखडे पाडतात व रबरी पट्टीची कडही झिजते. रात्री समोरून येणाऱ्या दिव्यांचा प्रकाश या ओरखड्यांवर विखुरतो आणि चालकाचे डोळे दिपतात. डीझेलच्या धुराची काजळी व तेलकट थर असलेल्या काचेवर पावसाचे पहिले थेंब पडले की, वायपरच्या फेऱ्याने त्यांचा राड होतो. ताशी ६० किमी. वेगाने जाणारे वाहन सेकंदाला सु. १७ मी. अंतर कापते, म्हणजे काच केवळ तीन सेकंद धूसर राहिली, तरी चालक सु. ५० मी. अंतर जवळजवळ न पाहता ओलांडतो.

मेरी अँडरसन यांनी १९०३ मध्ये अमेरिकेत हाताने चालविण्याच्या वायपरचे पेटंट घेतले. काच धुण्याची योजना त्यानंतर काही दशकांनी प्रचारात आली. भारतात केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांनुसार समोर काच असलेल्या बहुतेक वाहनांना शक्तिचलित वायपर आवश्यक आहे व वाहनाच्या योग्यता तपासणीच्या यादीत वायपरचा समावेश आहे. वायपर चांगला असला, तरी पाण्यावाचून त्याचे काम अपुरेच राहते.

पुण्यालगतचा पिंपरी-चिंचवड ते चाकण हा पट्टा मोटार उद्योगाचे मोठे केंद्र आहे. टाटा एंजिनिअरिंग अँड लोकोमोटिव्ह कंपनी अर्थात टेल्को (२००३ पासून टाटा मोटर्स) हिने १९५४ मध्ये डाइमलर-बेंझ या जर्मन कंपनीच्या सहकार्याने जमशेटपूर येथे मालमोटारींचे उत्पादन सुरू केले. तो करार १९६९ मध्ये संपला. कंपनीचा पुणे विभाग १९६६ मध्ये स्थापन झाला व तेथून पहिले व्यापारी वाहन १९७७ मध्ये बाहेर पडले. मुळा व पवना यांच्या संगमाजवळील सांगवी हे या पट्ट्याच्या दक्षिण टोकास असून पवनेपलीकडे दापोडी येथे राज्य परिवहन महामंडळाची मध्यवर्ती कार्यशाळा आहे. येथून मुंबईकडे जाणाऱ्या मालमोटारीस पावसाळ्यात बोरघाटातील धुके व चिखलाचे शिंतोडे, तर नासिक रस्त्याने चाकणकडे जाणारीस उन्हाळ्यात धूळ यांना तोंड द्यावे लागते. त्यामुळे या पंपाची गरज वर्षभर असते.

प्रकार व रचना : पेट्रोल एंजिनाच्या काही जुन्या गाड्यांत एंजिनाच्या शोषणनळीतील निर्वाताचा उपयोग पाणी खेचण्यासाठी करीत. डीझेल एंजिनात असा निर्वात सामान्यतः मिळत नाही. म्हणून डीझेलवर चालणाऱ्या जुन्या मालमोटारींत हाताने किंवा पायाने दाबावयाचा पंप अथवा विद्युत् पंप आढळतो. हातपंपात रबरी फुगा, पटल किंवा दट्ट्या आणि दोन एकदिशा झडपा असतात. विद्युत् पंपात लहान विद्युत् चलित्र म्हणजे मोटर असून तिच्या दांड्यावर पंखचक्र किंवा दंतचक्रांची जोडी बसविलेली असते. पंखचक्राचा पंप केंद्रोत्सारी असतो व तो स्वतः पाणी वर खेचू शकत नाही. म्हणून तो टाकीच्या तळाशी बसवितात. [⟶ पंप].

दोषशोधन : प्रथम टाकीत पाणी आहे काय, ते पाहावे. नंतर एंजिन बंद ठेवून कळ चालू करावी व बटण दाबून पंपाचा आवाज ऐकावा. या एका कसोटीने शोधाच्या दोन वाटा वेगळ्या होतात. आवाज येत असून पाणी येत नसल्यास दोष बहुधा जलमार्गात असतो. आवाजच नसल्यास तो बहुधा विद्युत् मंडलात असतो.

जलमार्ग तपासताना पंपाच्या तोंडाशी असलेली नळी काढून तेथे दुसरी आखूड नळी जोडावी आणि तिचे टोक भांड्यात धरून बटण दाबावे. जोरदार धार आल्यास पंप निर्दोष होय. मग पुढील नळी दुमडली, चिरली अथवा बिजागरीपाशी चेपली आहे काय, एकदिशा झडप अडकली आहे काय व तोट्या बुजल्या आहेत काय, हे क्रमाने पाहावे. एकाच तोटीतून पाणी येत असेल, तर दोष नळीच्या फाट्यापुढे असतो. तोटीत बाहेरून सुई खुपसल्यास मळ आत ढकलला जातो. तोटी काढून उलट दिशेने हवा फुंकणे अधिक चांगले. भांड्यातही धार न आल्यास टाकीतील गाळणी, तळाचा गाळ व अडकलेली हवा यांकडे लक्ष द्यावे. फवारा सुरुवातीस नीट येऊन मग क्षीण होत असेल व झाकण सैल करताच पूर्ववत होत असेल, तर झाकणातील हवेचे छिद्र बुजलेले असते. चलित्र नेहमीपेक्षा वेगाने व चढ्या स्वरात फिरत असल्यास पंखचक्र दांड्यावरून निसटल्याचा संभव असतो. दुरुस्तीत तारांची अदलाबदल झाली, तर चलित्र उलटे फिरते आणि केंद्रोत्सारी पंपाची धार दुर्बल होते.

आवाज नसल्यास आधी वितळतार म्हणजे फ्यूज पाहावा. तो जळाला असल्यास जाड तार घालू नये. त्याच क्षमतेचा फ्यूज घालावा. तोही जळाल्यास तार उघडी पडून सांगाड्यास टेकली आहे किंवा पंप अडकला आहे, असे समजावे. फ्यूज शाबूत असल्यास पंपाच्या टोकांना परीक्षण-दिवा जोडून बटण दाबावे. दिवा लागत नसेल, पण त्याचे एक टोक सांगाड्याच्या स्वच्छ धातूला लावताच लागत असेल, तर सांगाड्याशी होणारी परतीची जोडणी तुटलेली वा गंजलेली असते. जुन्या वाहनांत हा दोष वारंवार आढळतो. तेथेही दिवा न लागल्यास बटण व त्यापर्यंतच्या तारा तपासाव्यात. दिवा लागणे हा मात्र अंतिम पुरावा नव्हे. दिव्याला थोडाच प्रवाह पुरतो, पंपाला अधिक लागतो. म्हणून पंप जोडलेला असताना व बटण दाबलेले असताना विद्युत् दाब मोजावा. बॅटरीच्या दाबापेक्षा तो बराच कमी भरल्यास जोडण्या घासून घट्ट कराव्यात. दाब पुरेसा असूनही पंप मुका राहिला, तरच चलित्र दोषी ठरते. हलके ठोकल्यावर ते फिरू लागल्यास आतील कार्बनी कुंचे झिजलेले असतात. नुसता गुणगुणाट येत असल्यास पंखचक्र अडकलेले असते. अशा वेळी बटण दाबून धरल्यास वेटोळे जळते.

हातपंपात रबर चिरल्यास किंवा झडपेत कचरा अडकल्यास दाबूनही पाणी पुढे जात नाही. झडपा धुऊन रबर बदलणे एवढाच त्यावर उपाय असतो.

निगा : टाकीत गाळलेले व शक्यतो मृदू पाणी भरावे. विंधन विहिरीच्या कठीण पाण्यातील क्षार तोट्यांत साचतात. रॉकेल वा डीझेल मिसळल्याने रबर फुगते. साबणाच्या भुकटीचा साका गाळणी बुजवितो. टाकी रिकामी असताना पंप चालवू नये, कारण अनेक पंपांत पाण्यानेच फिरत्या भागांचे वंगण व शीतन होते. हिमालयातील मार्गांवर पाणी गोठून पंप व टाकी फुटू नयेत म्हणून गोठणविरोधी धावनद्रव वापरतात. नवा पंप घेताना त्याचा विद्युत् दाब वाहनाशी जुळतो, हे पाहावे. बारा व्होल्टचा पंप चोवीस व्होल्टच्या मालमोटारीस जोडल्यास तो काही वेळ जोरात चालून जळतो. दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरूनच त्यास प्रवाह देण्याची युक्तीही अयोग्य होय, कारण तिच्यामुळे दोन्ही बॅटऱ्या असमान उतरतात. [⟶ मोटारगाडी].