दाढेत चांदी भरावी की पांढरे?

दाढेतली कीड कोरून काढल्यावर उरणारा खड्डा भरायला आज प्रामुख्याने तीन पदार्थ वापरतात. पहिला अमाल्गम, ज्याला बोलण्यात चांदी म्हणतात. दुसरा दाताच्या रंगाचा कॉम्पोझिट. तिसरा ग्लास आयोनोमर, म्हणजे दवाखान्यातले नुसते ‘सिमेंट’. शीव कोळीवाड्यातला रुग्ण गल्लीतल्या खासगी दवाखान्यात जावो, शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात जावो, की दादरला गाडी बदलून मुंबई सेंट्रलच्या नायर दंत महाविद्यालयात जावो, चांदी की पांढरे हा प्रश्न निघतोच. बहुतेक जण उत्तर देतात ते रंग आणि पैसे पाहून. दाढेच्या दृष्टीने त्याआधी तीन गोष्टी पाहाव्या लागतात: खड्डा कुठे आहे, केवढा आहे, आणि भरताना ती जागा कोरडी राहते का.

चांदीच्या मिश्रणात वजनाने जवळपास निम्मा पारा असतो. उरलेला निम्मा भाग चांदी, कथील आणि तांबे यांच्या भुकटीचा, कधी त्यात थोडे जस्त. पारा भुकटीत मिसळला की काही मिनिटे मऊ गोळा हाती राहतो आणि मग तो दगडासारखा घट्ट होतो. हे प्रमाण नेमके बसवले ते अमेरिकेतल्या जी. व्ही. ब्लॅक यांनी, १८९०च्या दशकात. पूर्वी दवाखान्यात बाटलीतला पारा आणि भुकटी छोट्या काचेच्या खलात घोटत, फडक्यात घालून जादा पारा पिळून काढत आणि उरलेला करकरणारा गोळा खड्ड्यात ठासत. आता दोन्ही घटक मोजून भरलेली बंद कॅप्सूल यंत्रात हलवली की काम होते.

चांदी दाताला चिकटत नाही. ती नुसती अडकून बसते. म्हणून खड्डा मडक्यासारखा, तोंडाशी अरुंद आणि पोटात रुंद कोरावा लागतो आणि त्यापायी थोडा चांगला दातही जातो. दुसरीकडे, ती ओलाव्याचे फारसे मनावर घेत नाही. मागच्या दाढेपाशी लाळ येत असली, रुग्णाला तोंड फार वेळ उघडे ठेवता येत नसले, बाहेर ओपीडीची रांग दारापर्यंत आलेली असली, तरी चांदी निभावून नेते. पुढे तिच्या कडेला गंज धरतो आणि त्यानेच फट बुजत जाते. तिला पूर्ण ताकद यायला सुमारे एक दिवस लागतो, म्हणून त्या दिवशी त्या बाजूने चावू नका असे सांगतात.

कॉम्पोझिट म्हणजे राळेसारख्या रसायनात काचेची अतिबारीक भुकटी. अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये काम करणाऱ्या राफेल बोवेन यांनी ही राळ तयार केली आणि १९६२ साली तिचे पेटंट मिळाले. ती दाताला चिकटू शकते हे मात्र मायकेल बुओनोकोर यांच्या १९५५च्या शोधामुळे. फॉस्फोरिक ॲसिड लावले की एनॅमलला सूक्ष्म खडबडीतपणा येतो आणि राळ त्यात घुसून पक्की धरते.

हे काम खुर्चीत बसून पाहण्यासारखे असते. दाताभोवती कापसाच्या गुंडाळ्या किंवा रबराचा पडदा लावतात. निळ्या रंगाचे ॲसिड अर्धा मिनिटभर ठेवून पाण्याने धुतात आणि जागा हलकेच सुकवतात. मग चिकटवणारा द्रव ब्रशने लावून त्यावर निळा प्रकाश टाकतात. त्यानंतर कॉम्पोझिट एका दमात नव्हे, साधारण दोन-दोन मिलिमीटरच्या थरांनी भरतात आणि प्रत्येक थर पुन्हा निळ्या प्रकाशाखाली कडक करतात. थर पातळ ठेवण्याला कारण आहे. प्रकाश खोलवर पोचत नाही, आणि कडक होताना कॉम्पोझिट शेकडा दोन-तीन इतके आकसते. एकदम भरले तर आकसताना ते दाताच्या भिंतीपासून सुटते, आणि त्या फटीत नवी कीड शिरते. या साऱ्यात लाळेचा एक थेंब आत गेला तरी चिकटणे बिघडते. घाईत भरलेले पांढरे फिलिंग दिसायला सुरेखच असते, म्हणून त्यातली खोट रुग्णाला लगेच कळत नाही.

टिकण्याच्या बाबतीत चांदी आणि कॉम्पोझिट यांतला फरक आकड्यांत दिसतो. कायमच्या मागच्या दाढांवर झालेल्या चाचण्यांचा आढावा कॉक्रेन या संस्थेने घेतला आहे. त्यात कॉम्पोझिट निकामी होण्याचा धोका चांदीच्या जवळपास दुप्पट आढळला आणि फिलिंगखाली पुन्हा कीड लागण्याचा धोका दुपटीहून थोडा अधिक. अर्थात यातल्या मोठ्या चाचण्या जुन्या आहेत, आणि काळजीपूर्वक भरलेले आजचे कॉम्पोझिट कित्येक वर्षे चालते. तरीही ‘पांढरे नवे, म्हणजे ते जास्त मजबूत’ हा समज सोडलेला बरा.

पाऱ्याची भीती हा वेगळा विषय. तो नीट समजून घ्यायला कोळीवाड्यातल्या माणसाला मासळीचे उदाहरण जवळचे. जपानमधल्या मिनामाता या किनाऱ्यावरच्या गावात चिस्सो कंपनीच्या कारखान्याचे सांडपाणी खाडीत जात होते. त्यातला मिथाइल पारा मासळीत साठला आणि रोज मासे खाणाऱ्या कोळी कुटुंबांच्या मज्जासंस्थेवर त्याने घाला घातला. या आजाराची अधिकृत नोंद १ मे १९५६ रोजी झाली. फिलिंगमधला पारा हा त्या जातीचा नाही. धातूत बांधलेल्या या पाऱ्याची अगदी थोडी वाफ चावताना किंवा दात खाताना सुटते. लिस्बन आणि अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागात हजाराहून अधिक मुलांवर केलेल्या दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष २००६ साली आले. चांदी भरलेल्या आणि कॉम्पोझिट भरलेल्या मुलांच्या बुद्धीत, स्मरणशक्तीत वा वागण्यात अर्थपूर्ण फरक आढळला नाही.

मग चांदी जगभर मागे का पडते आहे? मुख्यतः दवाखान्याबाहेर जाणाऱ्या पाऱ्यामुळे. फिलिंग भरताना आणि काढताना उडालेला चुरा थुंकदाणीतून गटारात जातो, गटार खाडीला मिळते, आणि गाळातले सूक्ष्मजंतू त्याच पाऱ्यापासून मिथाइल पारा बनवतात. लहान माशाला मोठा मासा खातो तसतसा तो वर चढत जातो, म्हणून मोरीसारख्या मोठ्या शिकारी माशात तो बोंबील-मांदेलीपेक्षा जास्त सापडतो. शीव-धारावीला लागून वाहणारी मिठी नदी माहीमच्या खाडीला मिळते हे लक्षात घेतले, तर हा प्रश्न इथून फार लांबचा राहत नाही. दहनातही दातांतला पारा वाफ होऊन हवेत जातो, कारण तो ३५७ अंश सेल्सिअसलाच उकळतो.

पाऱ्याचा वापर आवरण्यासाठी २०१३ साली झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराला त्या गावाचेच नाव आहे: मिनामाता करार. भारताने त्याला २०१८ साली मान्यता दिली. २०२२ साली त्यात भर पडली. बाटलीतला सुटा पारा दंतवैद्यांनी वापरू नये, आणि दुधाच्या दातांत, पंधरा वर्षांखालील मुलांत, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांत डॉक्टरांना अगदी गरजेचे वाटल्याखेरीज चांदी टाळावी, असे ठरले. युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून अमाल्गम जवळपास बंद केले, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात जिनिव्हाच्या बैठकीत करारातल्या देशांनी २०३४ ही शेवटची मुदत मान्य केली. शहरातल्या अनेक खासगी दवाखान्यांनी तर चांदी ठेवणे आधीच सोडले आहे. तिथे निवडीचा प्रश्न कॉम्पोझिट की सिमेंट, एवढाच उरतो.

सिमेंट पांढरट असते, पण कॉम्पोझिटइतके दाताशी मिळून येत नाही आणि चावण्याच्या जोराला कमी पडते. त्याचे मोल वेगळ्या गुणांत आहे. ते दाताला आपोआप चिकटते, थोडी ओल सोसते आणि हळूहळू फ्लोराइड सोडत राहते. दुधाचे दात आणि शाळेतली शिबिरे ही त्याची हक्काची जागा. दुसरी जागा मुंबईतल्या वयस्क बायकांच्या तोंडात सर्रास दिसते. वर्षानुवर्षे मशेरी घासल्याने हिरड्या मागे सरतात आणि दाताच्या मानेशी खाच पडते. गार पाण्याने कळ येते ती तिथूनच. ही खाच उथळ आणि हिरडीला लागून असते. चांदी तिथे अडकायला जागाच नसते, कॉम्पोझिटला कोरडेपणा मिळत नाही, आणि सिमेंट बसते. मशेरी चालूच राहिली तर मात्र तेही झिजते.

समोरचे दात असले की चर्चा संपते, तिथे कॉम्पोझिट. दाढेतला छोटा-मध्यम खड्डा, कडेने एनॅमल शाबूत आणि डॉक्टरांकडे पुरेसा वेळ असेल, तर कॉम्पोझिट चांगले, कारण चांगला दात कमी कापावा लागतो. शेवटची दाढ, हिरडीखाली उतरलेला मोठा खड्डा, सतत येणारी लाळ, किंवा पुन्हा पुन्हा यायला न जमणारा रुग्ण, अशा वेळी चांदी उपलब्ध असेल तर ती आजही वाईट निवड नाही. मुलांना, गरोदर बाईला, मूत्रपिंडाचा विकार असलेल्याला किंवा पाऱ्याची ॲलर्जी असलेल्याला ती नको. दाढेची एखादी भिंतच ढासळली असेल, तर कोणत्याही रंगाचे फिलिंग न भरता कॅप घालण्याचा विचार करावा लागतो. डॉक्टरांना विचारण्याजोगा प्रश्न रंगाचा नसून ‘भरताना ही जागा कोरडी राहील का?’ हा आहे.

जुनी चांदी काळी दिसते म्हणून काढून टाकण्याचे कारण नाही. ड्रिलने ती काढतानाच पाऱ्याची वाफ सर्वाधिक सुटते, आणि प्रत्येक बदलात खड्डा थोडा मोठा होतो. कड तुटली असेल, खाली कीड दिसत असेल, दाताला तडा गेला असेल किंवा चावताना दुखत असेल, तर ती बदलावी. त्या वेळी भरपूर पाण्याची धार, जोरदार सक्शन आणि चांदीचे तुकडे निघतील असे काप घेणे, ही पद्धत धरावी. निघालेला चुरा बेसिनमध्ये न सोडता झाकणाच्या बरणीत वेगळा ठेवून जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांप्रमाणे द्यावा.