मेडिकलला नंबर लागला. आता लॅपटॉप कोणता घ्यावा?

नीटचा निकाल लागतो, प्रवेशाच्या फेरीची यादी येते आणि आमच्या जिंतूरमध्ये एखाद्या मोहल्ल्यात पेढे वाटले जातात. माशाअल्लाह, गेल्या काही वर्षांत असे पेढे आम्ही बरेच खाल्ले. उर्दू आणि मराठी माध्यमातली मुलं-मुली डॉक्टर व्हायला निघाली आहेत. २०२३ साली परभणीत आणि २०२४ साली हिंगोलीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्यावर तर मेडिकल कॉलेज एसटीच्या टप्प्यात आलं. मुलीला लांब कसं पाठवायचं, या प्रश्नावर पुष्कळ घरांना उत्तर मिळालं.

पेढे संपले की आम्हाला फोन येतो, "सर, बच्चे के लिए लॅपटॉप कौनसा लेना?" शिक्षक म्हटला की त्याला सगळंच माहीत असणार, असा लोकांचा समज असतो. आम्ही काही कॉम्प्युटर इंजिनियर नाही. पण मेडिकलला गेलेल्या आमच्या माजी विद्यार्थ्यांशी बोलून, त्यांच्या चुका ऐकून जे समजलं, ते इथे एकत्र मांडतो.

सुरुवात एका चुकीपासूनच करू. आमच्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांचं छोटं गॅरेज आहे. मुलाचा नंबर लागला, तेव्हा ते मोठ्या शहरातल्या एका दुकानात गेले आणि म्हणाले, "लडका डॉक्टर बन रहा है, सबसे अच्छा दिखाओ." दुकानदाराने गेमिंगचा लॅपटॉप दाखवला. नव्वद हजारांच्या वर किंमत. मुलाच्या अम्मीच्या दोन बांगड्या त्यात गेल्या. लॅपटॉप अडीच किलोचा, वर चार्जर वीटेएवढा, आणि बॅटरी दोन तासांत संपायची. पहिल्या वर्षी तो होस्टेलच्या कपाटातच राहिला, अभ्यास झाला पुस्तकावर आणि मोबाइलवर. दुसऱ्या वर्षी निम्म्या किमतीत विकला. दुकानदार खोटं बोलला नव्हता, मशीन खरंच भारी होतं. पण मेडिकलच्या अभ्यासात लॅपटॉप कशासाठी लागतो, हे त्या घरात कुणी विचारलंच नव्हतं.

अभ्यासात लॅपटॉपचं काम काय?

एमबीबीएस म्हणजे साडेचार वर्षांचा अभ्यास आणि एक वर्षाची इंटर्नशिप. पहिल्या वर्षी शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन हे तीन मुख्य विषय. शरीररचना शिकायची ती डिसेक्शन हॉलमध्ये, हातात हाड घेऊन आणि समोर चौरसियांचं पुस्तक उघडून. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची लेखी परीक्षा कागदावर पेनानेच द्यायची असते. म्हणजे पहिल्या दिवसापासून लॅपटॉप नसला तर काही अडत नाही.

लॅपटॉपचं खरं काम हळूहळू वाढत जातं. व्हिडिओ लेक्चर पाहणं, पीडीएफ वाचणं, सेमिनारसाठी स्लाइड बनवणं ही रोजची कामं. पुढे कुटुंब दत्तक योजनेत गावातल्या घरांना भेटी द्यायच्या, बीपी, वजन, आजारांच्या नोंदी ठेवायच्या. त्या एक्सेलमध्ये भरल्या की काम सोपं होतं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना छोट्या संशोधनासाठी विद्यावृत्ती देते. त्याचा प्रस्ताव आणि अहवाल टाइप करायचा तर लॅपटॉप लागतोच. आणि शेवटी नीट-पीजी. ती परीक्षा कॉम्प्युटरवर होते, साडेतीन तासांत २०० प्रश्न. त्या सरावाला मोठी स्क्रीन आणि माउस हवा.

या यादीत गेमिंगवाल्या ग्राफिक्स कार्डची गरज कुठेच नाही. शरीराचं थ्री-डी मॉडेल दाखवणारी अ‍ॅप प्रोसेसरमध्येच असलेल्या साध्या ग्राफिक्सवर चालतात.

मग पाहायचं काय?

आमच्या मते पाच गोष्टी, याच क्रमाने.

पहिली, वजन. मुलं रूम, लायब्ररी, वॉर्ड असं दिवसभर फिरतात. पिशवीत एप्रन असतो, स्टेथोस्कोप असतो, जाड पुस्तकं असतात. लॅपटॉप दीड किलोच्या आसपास, चौदा इंची असावा. सी-टाइप चार्जिंग असेल तर चार्जरही हलका मिळतो.

दुसरी, बॅटरी. लायब्ररीत प्रत्येक खुर्चीजवळ प्लग नसतो आणि आपल्याकडची लाइट कधी जाईल सांगता येत नाही. खऱ्या वापरात सहा-सात तास चालेल असा पाहा. कंपनीने छापलेले तास नेहमी जास्तच असतात.

तिसरी, स्क्रीन. ही गोष्ट मेडिकलसाठी खास आहे, आणि दुकानदार ती सांगत नाही. ऊतींच्या स्लाइड गुलाबी आणि जांभळ्या रंगात रंगवलेल्या असतात. पेशीचं केंद्रक जांभळं, बाकीचा भाग गुलाबी. त्या छटांच्या फरकावरच निरोगी काय आणि बिघडलेलं काय, हे ओळखायचं असतं. स्वस्त पॅनलवर हे रंग फिके पडतात आणि जरा बाजूने पाहिलं की चित्र काळवंडतं. म्हणून आयपीएस पॅनल आणि फुल एचडी स्क्रीन घ्या. दुकानातच नेटवरून एखादी हिस्टोलॉजीची स्लाइड उघडा आणि दोन लॅपटॉप शेजारी ठेवून पाहा. फरक डोळ्यांना लगेच कळतो.

चौथी, रॅम आणि साठवण. रॅम किमान ८ जीबी, जमत असेल तर १६. काही लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डालाच चिकटवलेली असते, नंतर वाढवता येत नाही. ८ घेत असाल तर "पुढे वाढवता येईल का, जागा आहे का?" एवढं विचाराच. साठवण ५१२ जीबीची आणि एसएसडीचीच हवी, जुनी फिरती हार्डडिस्क नको. प्रोसेसर अलीकडच्या पिढीचा आय३, आय५ किंवा रायझन ५ पुरेसा आहे.

पाचवी, दुरुस्ती. जिंतूरला बहुतेक कंपन्यांचं सर्व्हिस सेंटर नाही. परभणी, नांदेड किंवा संभाजीनगर गाठावं लागतं. घरी येऊन दुरुस्ती करणारी वॉरंटी घ्या. आपला पिन कोड ४३१५०९ तिच्यात बसतो का, याच्याइतकंच मूल जिथे राहणार तिथला पिन कोड बसतो का, हेही तपासा.

या पाचही गोष्टी असलेला लॅपटॉप साधारण पन्नास हजारांच्या आत-बाहेर मिळतो. किमती सतत बदलतात, म्हणून तीन ठिकाणी विचारा.

टॅब घेतला तर?

हा प्रश्न मुली जास्त विचारतात आणि तो योग्यच आहे. वाचायला, पीडीएफवर पेनाने खुणा करायला, आकृती काढायला, व्हिडिओ पाहायला टॅब लॅपटॉपपेक्षा सोयीचा. पण अहवाल टाइप करायला, नोंदींचा तक्ता करायला तो कमी पडतो. दोन्ही घेण्याची ऐपत सगळ्यांची नसते. ज्यांच्याकडे चांगला मोबाइल आहे त्यांनी आधी लॅपटॉप घ्यावा. ज्यांच्या घरी आधीच एखादा बऱ्यापैकी कॉम्प्युटर आहे आणि मूल घरूनच ये-जा करणार आहे, त्यांनी टॅबचा विचार करायला हरकत नाही.

जुना घ्यायचा असेल तर

जुन्या लॅपटॉपची लाज बाळगू नका. कंपन्यांनी वापरून विकलेले चांगले लॅपटॉप अर्ध्या किमतीत मिळतात. पण एक लक्षात ठेवा. विंडोज १० ला कंपनीचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ साधारणपणे आठव्या पिढीच्या आधीच्या इंटेल प्रोसेसरवर अधिकृतपणे चालत नाही. दुकानदार जबरदस्तीने टाकून देतो, पुढे अपडेटची अडचण येते. म्हणून प्रोसेसरची पिढी विचारा, बॅटरीचा रिपोर्ट काढून मागा आणि लिखित वॉरंटी असेल तरच घ्या.

"क्रॅक टाकून देतो" म्हणणाऱ्याला नम्रपणे नको म्हणा. चोरीच्या सॉफ्टवेअरसोबत व्हायरस फुकट येतो. लिहिण्यासाठी आणि तक्त्यांसाठी लिब्रे ऑफिस मोफत आहे.

हप्ते आणि सूद

"नो कॉस्ट ईएमआय" या नावाने आपल्याकडे पुष्कळ लोक फसतात. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच सांगितलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतं. बऱ्याचदा होतं असं की बँक व्याज लावतेच, आणि दुकान किंवा कंपनी तेवढी रक्कम किमतीतून आधी कमी करते. वर प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी आपल्याच खिशातून जातो. ज्या घरांना सूद टाळायचा आहे, त्यांनी फक्त नाव ऐकून समाधान मानू नये, कागद वाचावा. आणि रोख देणार असाल तर सरळ विचारा, "ईएमआयवाल्याला जी सूट देता, ती आम्हाला द्या." पुष्कळदा मिळते.

शैक्षणिक कर्ज घेणाऱ्यांनी बँकेत चौकशी करावी. अभ्यासक्रमासाठी गरज असेल तर कॉम्प्युटरचा वाजवी खर्च बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत धरता येतो. बिल मात्र जीएसटीचं, पक्कं, आणि मशीनवरचा नंबर बिलावर असलेलं हवं. वॉरंटीला आणि चोरी झाली तर पोलीस ठाण्यात तेच कामी येतं.

कधी घ्यायचा?

आमचा सल्ला आहे, दोन महिने थांबा. मुलाला कॉलेजला जाऊ द्या, सीनियर काय वापरतात ते पाहू द्या. घाई करून घेतलेल्या वस्तूपेक्षा गरज कळल्यावर घेतलेली वस्तू जास्त वापरली जाते. तोवर ते पैसे पुस्तकांना, मेसला, चष्म्याला लागतील.

आणि एक गोष्ट मोहल्ल्याने मिळून करण्यासारखी आहे. इंटर्नशिप संपवून नोकरीला लागलेल्या डॉक्टरचा लॅपटॉप घरात धूळ खात पडतो. बॅटरी बदलून, साफ करून तो यंदा नंबर लागलेल्या मुलाला दिला, तर एका घराच्या बांगड्या वाचतील.

शेवटचं सांगणं. दुकानात बहुतेक वेळा अब्बू जातात, मामू जातात, मोठा भाऊ जातो. जिला वापरायचा आहे ती मुलगी घरीच असते. तिला सोबत न्या. लॅपटॉप तिच्या पिशवीत ठेवून, खांद्याला लावून पाच मिनिटं चालू द्या. स्लाइडचे रंग तिला पाहू द्या, कीबोर्डवर दोन ओळी टाइप करू द्या. पुढची साडेपाच वर्षं हे ओझं तिनेच उचलायचं आहे, तर निवडही तिचीच असू द्या.