एका पावसासाठी दहा वर्षे

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील कॅलिफोर्निया राज्यात उन्हाळा कोरडा जातो. पाऊस येतो तो त्यानंतर, शरद ऋतूत. दमदार सरींनी जमीन पुरेशी भिजली, की पहाटेच्या अंधारात, भर पावसात, टेकड्यांवरील झुडपांतून काही भुंगेरे जमिनीलगत घिरट्या घालू लागतात. पाठीवर काळसर तकाकी, पोटाखाली दाट लव. लोक त्यांना ‘पावसाचे भुंगेरे’ म्हणतात; शास्त्रीय नाव प्लिओकोमा. वॉशिंग्टन राज्याच्या दक्षिण भागापासून मेक्सिकोतील बाहा कॅलिफोर्नियापर्यंतचा पट्टा सोडला, तर हे भुंगेरे जगात अन्यत्र आढळत नाहीत.

प्रौढ भुंगेरा काहीही खात नाही. त्याचे तोंड अन्न घेण्याच्या उपयोगाचेच नसते. अळी असताना झाडांची मुळे खाऊन अंगात साठवलेली चरबी हीच त्याची पुंजी. ही अळी-अवस्था कधी कधी दहा वर्षांहूनही अधिक काळ चालते. बाहेर पडल्यावर मात्र नराची शिल्लक अवघ्या काही तासांच्या उड्डाणात संपते. नवी जमा नाही, केवळ खर्च! असे खाते कोणी सुज्ञ व्यापारी चालवणार नाही.

मादीला उडता येत नाही. ती आपल्या बिळाच्या तोंडाशी थांबते आणि तिच्या गंधाचा माग काढत नर तेथे येतो. मीलनानंतर ती पुन्हा जमिनीत शिरते. तिचे बीळ कधी तीन मीटरपर्यंत खोल असते. अंडी घालायला तिला आणखी काही महिने लागतात, म्हणून नरापेक्षा ती पुष्कळ अधिक जगते.

ओरेगॉनमधील फळबागायतदार मात्र या अळीवर नाराज असतात, आणि त्यांची तक्रार खोटी नाही. आपल्याकडे हुमणीने उसाची मुळे कुरतडलेला शेतकरी ते दुःख चटकन ओळखील.

पण घरांसाठी टेकडी सपाट केली, की तेथील वसाहत संपते. शेजारच्या टेकडीवरील मादी उडून येऊ शकत नाही. नर येतो, पावसात, ओल्या मातीवरून, गंध शोधत फिरतो. त्याच्याजवळ तेवढेच काही तास असतात.