इंग्रजीतील ‘दीर्घ’ स्वर

मराठीत ‘इ’ लांबविली म्हणजे ‘ई’ होते. हाच न्याय इंग्रजीस लावल्यामुळे मुलांची वाचनात फसगत होते व ती भाषा त्यांना लहरी वाटू लागते. इंग्रजीत ज्यांस दीर्घ म्हणतात ते स्वर ऱ्हस्वांची लांबण नसून बहुधा निराळेच स्वर होत. सी-ए-पी म्हणजे ‘कॅप’. शेवटी ‘ई’ हे अक्षर जोडले की ‘केप’. ‘कॅ’ कितीही लांबविला तरी त्याचा ‘के’ होत नाही. त्याचप्रमाणे ‘पिन’चे ‘पाइन’, ‘हॉप’चे ‘होप’ व ‘कट’चे ‘क्यूट’ होते. ही अंत्य ‘ई’ स्वतः मूक राहून मागील स्वर पालटते.

याचे कारण इतिहासात आहे. सुमारे १४०० ते १७०० या काळात इंग्रजीतील दीर्घ स्वरांचे उच्चार बदलले. ‘पाइन’मधील स्वर त्यापूर्वी ‘ई’सारखा उच्चारीत. विल्यम कॅक्स्टन याने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टर येथे छापखाना घातला. पुढे छपाईमुळे लेखन हळूहळू स्थिरावले, उच्चार मात्र बदलत राहिले.

शिक्षकांनी अशा जोड्या प्रथम मुलांच्या कानांवर घालाव्यात, त्यांच्याकडून म्हणवून घ्याव्यात व मगच फळ्यावर लिहाव्यात. ‘हॅव’, ‘गिव्ह’ यांसारखे अपवाद स्वतंत्रपणे शिकवावेत. मूल चुकल्यास न रागावता जोडीतील दोन्ही शब्द पुन्हा म्हणून दाखवावेत. फरक कानास उमगला म्हणजे लेखनही सुधारू लागते.