प्लास्टरमधला पाय आणि खेळातलं गाव

गेल्या पावसाळ्यात मानखुर्दच्या एका इमारतीत रुग्ण पाहायला गेले होते. जिन्यात पाय घसरला आणि घोट्याचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. पंधरा वर्षं वॉर्डात लोकांना 'पाय उंच ठेवा, उठू नका' म्हणून दटावलं, आता तेच माझ्या वाट्याला आलं. लल्लूभाई कंपाऊंडमध्ये आमची खिडकी उघडली की समोरच्या इमारतीतलं स्वयंपाकघर दिसतं, आभाळ दिसत नाही. दिवस कसा तरी जायचा. रात्री मात्र झोप यायची नाही. वस्तीतली अर्धवट राहिलेली कामं डोक्यात फिरत राहायची.

कॉलेजात शिकणाऱ्या भाच्यानं एक दिवस हातात निन्टेंडो स्विच दिलं. सेकंडहँड, कोपऱ्यात चरा पडलेलं. "आत्या, यात शेती कर," म्हणाला. खेळाचं नाव स्टारड्यू व्हॅली. ऑफिसात पिचलेल्या एका माणसाला आजोबांचं पत्र सापडतं. आजोबांनी त्याच्यासाठी गावाकडे शेत ठेवलेलं असतं. तिथे जायचं, झाडंझुडपं तोडायची, माती उकरायची, बी पेरायचं, झारीनं पाणी घालायचं. पहिलं पीक पार्सनिपचं, म्हणजे पांढऱ्या मुळ्यासारखं एक कंद. चार दिवसांत तयार होतं. खेळातला एक दिवस आपल्या साधारण चौदा मिनिटांचा. मागे शांत संगीत. कुणी मारायला येत नाही (खाणीत उतरलात तर येतात, मी उतरले नाही).

नर्सच्या नजरेला दोन गोष्टी लगेच दिसल्या. पडद्याच्या कोपऱ्यात ऊर्जेची एक पट्टी असते. कुदळ मारली, झारी उचलली की ती उतरते. अगदी संपली की माणूस लटपटत चालतो. रात्री दोनपर्यंत घरी झोपला नाही, तर जिथे असेल तिथे कोसळतो, पैसेही जातात, आणि दुसऱ्या दिवशी अंगात ताकद कमी असते. सलग नाइट ड्युटी केलेल्या बाईला हे शिकवावं लागत नाही, पण तिच्या कपाळावर ती पट्टी कुणाला दिसत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे त्या गावाच्या दवाखान्यात मारू नावाची मुलगी नर्सचं काम करते, आठवड्यातून फक्त दोन दिवस! मी ते वाचून मोठ्यानं हसले.

आई शेजारी बसून बघायची. 1972 च्या दुष्काळात खडी फोडून, सुकडी खाऊन ती बीड जिल्ह्यातून मुंबईला आलेली. तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "हे रान कुणाचं?"

"माझं."

"कुणी दिलं?"

"आजोबांनी."

"तुझ्या आज्यानं जन्मभर लोकाच्या रानात सालगडी म्हणून राबला, बाई. तो काय ठेवणार?"

मग तिचे प्रश्न थांबेनात. पाणी कुठनं भरतीस? कुणी हटकत न्हाई का? मी नकाशा उघडून दाखवला. दुकान, दवाखाना, नदी, समुद्रकिनारा. "आणि आपली वस्ती?" वस्ती नव्हती. "मग हे गाव न्हाई," असं म्हणून ती पोळ्या लाटायला उठली.

'गावाकडची शांतता' हे शब्द ऐकून सगळ्यांनाच शांत वाटतं असं नाही. 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटना समितीत संविधानाचा मसुदा मांडताना बाबासाहेबांनी खेड्याचं गोडवे गाऊन वर्णन करणाऱ्यांना रोखठोक उत्तर दिलं होतं. खेडं म्हणजे संकुचितपणाचं आणि अज्ञानाचं ठिकाण, हे त्यांनी भर सभागृहात सांगितलं. हा खेळ एरिक बॅरोन नावाच्या अमेरिकन तरुणानं चार वर्षांहून जास्त काळ एकट्यानं खपून बनवला आणि तो 2016 मध्ये आला. गावकूस त्याच्या अनुभवात नव्हतं, म्हणून चित्रातही आलं नाही. मला त्यात पळवाट दिसली नाही. ज्या नदीवर कुणी हटकत नाही तिथे झारी बुडवताना माझा जीव खरंच हलका व्हायचा. आईचा मात्र होत नव्हता. दोन्ही खरं आहे.

पण हलकं वाटणं कुठपर्यंत? हा खेळ तुमची प्रगती दिवस संपवून झोपल्यावरच साठवतो. त्यामुळे मध्येच सोडवत नाही, आणि सकाळ झाली की 'आता पाणी तेवढं घालू' म्हणून पुढचा दिवस सुरू होतो. एका रात्री मी अशीच तीन वाजवले. खेळातली बाई दोनला कोसळते, मी कोसळले नाही एवढंच. सकाळी मान आखडलेली, अंगठ्याच्या मुळाशी मनगटाकडे ठणका, डोळे कोरडे. इतरांना शिकवणाऱ्या बाईची ही अवस्था! त्यानंतर ठरवलं की खेळातली बाई झोपली की यंत्र बंद, दिवसातून तासभरच, आणि अंथरुणात न्यायचं नाही. यंत्र साधारण चारशे ग्रॅमचं आहे. हात अधांतरी ठेवू नका, कोपराखाली उशी घ्या आणि पडदा डोळ्यांच्या उंचीला आणा. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फूट लांब पाहा असं सांगतात. आमच्याकडे समोरची भिंतच त्याआधी येते, म्हणून मी दाराबाहेरच्या पॅसेजचं टोक बघायचे.

ऑक्सफर्डच्या संशोधकांनी 2021 मध्ये ॲनिमल क्रॉसिंग या अशाच शांत खेळाचे खेळाडू अभ्यासले. जास्त वेळ खेळणाऱ्यांना किंचित जास्त बरं वाटत होतं. पण पुढच्याच वर्षी जवळजवळ 39 हजार खेळाडूंवर केलेल्या अभ्यासात खेळण्याच्या वेळेचा मनावर फारसा परिणाम दिसला नाही, ना चांगला ना वाईट. तेव्हा याला औषध समजू नका, विषही समजू नका. खेळ आवरेनासा होणं, त्यापुढे अभ्यास, काम, माणसं मागे पडणं, नुकसान दिसूनही चालूच ठेवणं आणि हे साधारण वर्षभर टिकणं, याला जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या यादीत आजार म्हटलं आहे. असं असेल तर मुलाला मारू नका, मानसोपचार विभागात न्या.

एवढं महाग यंत्र घ्याच असं मी सांगणार नाही. हाच खेळ फोनवर एकदाच पैसे भरून मिळतो. सांभाळा ते फुकटच्या शेतीखेळांपासून. 2009 मध्ये आलेल्या फार्मव्हिलमध्ये वेळेवर परत गेलं नाही तर पीक सुकायचं. लोक गजर लावून उठायचे. आताच्या कित्येक फुकट खेळांत थांबायचं नसेल तर पैसे भरा असं असतं, आणि आईचा फोन पोराच्या हातात असतो. स्टारड्यूमध्ये यंत्र बंद केलं की काळ थांबतो. महिन्यानं आलात तरी मुळे तसेच उभे.

प्लास्टर निघायच्या आठवड्यात आई पुन्हा शेजारी बसली. मी गावाच्या उत्तरेला फिरत होते. तिथे तंबूत लायनस नावाचा म्हातारा राहतो. कचऱ्याच्या डब्यातलं उचलतो म्हणून काही लोक त्याला नाक मुरडतात. आईनं चष्मा वर केला. "हा का गावाभाईर?"

"त्याला तसंच आवडतं म्हणे."

"असं कोण म्हणलं?"

"तोच म्हणतो."

ती काही बोलली नाही. आता यंत्र भाच्याकडे परत गेलंय. रविवारी तो येऊन खेळत बसला की आई आतून विचारते, "तंबूवाल्याला काही दिलंस का रे आज?"