शनीवरचा डाग पाहिलेला मास्तर

अंगात काळा झगा, डोक्यावर चौकोनी टोपी, नाकाच्या शेंड्यावर घसरलेला बिनकाड्यांचा चष्मा, आणि उत्तर सुचेनासं झालं की नाक ओढून केलेला एक दीर्घ सुस्कारा. एवढ्या भांडवलावर विनोदी नट विल हे (१८८८–१९४९) यांच्या मास्तरने दोन महायुद्धांमधल्या काळात ब्रिटिश रंगभूमी गाजवली. त्यांच्या प्रहसनातल्या वर्गात हारबॉटल नावाचा एक म्हातारा विद्यार्थी असे. वर्षानुवर्षं त्याच इयत्तेत. पोरांना उत्तरं येत, मास्तरांना येत नसत आणि हे दोन्ही बाजूंना पक्कं ठाऊक असे. मास्तर बिचारा वेळ मारून न्यायची शिकस्त करी.

पुढे हा मास्तर पडद्यावर आला. 'बॉइज विल बी बॉइज'मध्ये (१९३५) तो खोट्या शिफारसपत्राच्या जोरावर मुख्याध्यापक होतो. 'गुड मॉर्निंग, बॉइज' (१९३७) मला सर्वांत आवडतो. त्यात पोरं कॉपी करून फ्रेंचच्या परीक्षेत पहिली येतात, थेट पॅरिसचं आमंत्रण मिळतं आणि फ्रेंचचा गंध नसलेल्या मास्तरांची पाचावर धारण बसते. १९४२ च्या 'द गूझ स्टेप्स आउट'मध्ये तर समोर नाझी हेरगिरीचे विद्यार्थी आहेत. दोन बोटांची शिवीवजा खूण म्हणजे इंग्रजांचा आदराचा नमस्कार, असं मास्तर त्यांना शिकवतात आणि अख्खा वर्ग हिटलरच्या तसबिरीला तो घालतो. युद्धाच्या ऐन धामधुमीत प्रेक्षकांना हे किती हवंसं वाटलं असेल!

हा अडाणी मास्तर साकारणारे विल हे स्वतः मात्र पक्के अभ्यासू. खगोलशास्त्राचा त्यांना ध्यास होता. रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचे ते फेलो होते. ३ ऑगस्ट १९३३ च्या रात्री लंडनच्या नॉरबरी भागातल्या घरी, सहा इंची दुर्बिणीतून शनी पाहताना विषुववृत्ताजवळ एक पांढरा डाग त्यांना दिसला. खात्री करून घ्यायला त्यांनी लगेच एका जाणकार निरीक्षकाला फोन केला. निरीक्षण बरोबर निघालं आणि खगोलशास्त्रात त्याची नोंद झाली. ज्ञानाची अशी चाड असल्यामुळेच, मला वाटतं, त्यांचा मास्तर कधी दुष्ट वाटत नाही. आपलं अज्ञान उघडं पडेल ही त्याची भीती त्यांनी फार मायेने रंगवली आहे.

खोट्या शिफारसपत्राचा तो चित्रपट आला, त्याच वर्षी त्यांनी 'थ्रू माय टेलिस्कोप' हे सामान्य वाचकाला आकाश समजावून सांगणारं पुस्तक लिहिलं.